रविवारी फुटणारी पार्सलं

आमच्याकडं पार्सल फोडलं की आधी किस्सा बाहेर पडतो, पुस्तक मागून येतं. पुस्तकं ठेवायला अजून जागा आहे, किस्से ठेवायला उरली नाही!

आम्ही म्हणजे तिघं. मी, नागपूरच्या वाडी भागात ट्रान्सपोर्टचं ऑफिस चालवणारा. वासुभाऊ, बँकेतून रिटायर झालेले. आणि मीनल, धंतोलीतल्या एका लॅबमध्ये काम करणारी. तिघांनाही जुन्या गेमबुकांचं वेड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, या इंग्रजी पुस्तकांत नायक तुम्हीच असता. गुहेत शिरायचं तर पान बारा, पळायचं तर पान साठ. चुकीचं पान निवडलं की खेळ खलास, तुम्ही मेलात! ही पुस्तकं आता दुकानात मिळत नाहीत, म्हणून ऑनलाइन लिलावात बोली लावायची. घरी पार्सल आलं की घरचे खवळतात. त्यामुळं सगळी पार्सलं माझ्या ऑफिसात येतात आणि रविवारी तिघांच्या देखत फुटतात. वर्णनात लिहिलेलं आत निघालं, असं क्वचितच होतं.

*

मी एकदा ‘अगदी नव्यासारखं’ पुस्तक घेतलं. विकणारा कळमन्यातला मिरचीचा व्यापारी आहे हे आम्हाला काय माहीत! वासुभाऊंनी पुस्तक उघडलं आणि सवयीनं पानाला नाक लावलं. पुढची दहा मिनिटं आम्ही तिघं शिंकत आणि डोळे पुसत होतो. एक ड्रायव्हर आत डोकावला, त्याला वाटलं आमच्यातलं कोणी गेलं!

मी तणतणत फोन लावला. “मिरचीच्या पोत्यात ठेवलं होतं काय पुस्तक?”

तो शांतपणे म्हणाला, “म्हणूनच तर कसर नाही लागली जी!”

*

मीनलचं तर त्याहून भारी. तिला जंगलातल्या शिकाऱ्याचं पुस्तक मिळालं. दीड महिना खेळली. रोज आम्हाला फोन, “काय कल्पना आहे गा! वाघाच्या गुहेचं दार उघडलं, तर शिकारी थेट अंतराळयानात!”

मला शंका आली. रविवारी पुस्तक मागवून बाइंडिंग पाहिलं आणि हादरलोच. चौसष्टाव्या पानापासून चक्क दुसरंच पुस्तक शिवलेलं होतं!

मीनल डोक्याला हात लावून बसली. “अन् मी त्या माणसाले पाच तारे देऊन बसली!”

*

एकदा ‘जगातली एकमेव प्रत’ लिलावात आली. मी ऑफिसात बसून बोली लावली. कोणीतरी वर गेलं. मी आणखी वर गेलो. ते आणखी वर. मला घाम फुटला. समोरच्या खुर्चीत वासुभाऊ मोबाइलमध्ये डोकं खुपसून नखं खात होते. शेवटी दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, “कोण मूर्ख आहे गा हा?”

जिंकलो मी. पुढच्या आठवड्यात त्याच माणसानं दुसरी ‘एकमेव प्रत’ विकायला काढली!

*

वासुभाऊंबद्दल सांगायलाच हवं. पुस्तकावर पेन्सिलीचा एक ठिपका दिसला तरी ते परत करतात. भिंग घेऊन बसतात. एकदा त्यांनी एका विक्रेत्याला बारा मुद्द्यांची तक्रार फोटोंसकट पाठवली. कोपरा दुमडलाय, कणा फिका पडलाय, वगैरे. त्याचं एका ओळीत उत्तर आलं, “काका, पुस्तक पाहून राहिले का पोरगी?”

*

आता गेल्या महिन्यातला किस्सा.

बारा पुस्तकांच्या एका मालिकेतलं एकच पुस्तक वासुभाऊंकडं नव्हतं. सात वर्षं शोधत होते. ते लिलावात आलं. वर्णन असं, ‘सोपं पुस्तक. दोन वर्षं खेळलो, एकदाही मेलो नाही.’

“थापा मारून राहिला,” मीनल म्हणाली. “यात चौदा मरणं आहेत!”

वासुभाऊंनी घेतलंच. पार्सल फोडलं, पान नऊ उघडलं. अर्ध्या पानावर पांढरा कागद डिंकानं चिकटवलेला! त्यावर बॉलपेननं, मराठीत, ‘खड्ड्यात पडलात. खाली गवत होतं, लागलं नाही. उठा आणि पान चाळीसवर जा.’

पान एकतीसवर आणखी एक कागद. ‘राक्षसानं तलवार उचलली. मग म्हणाला, दमले असाल, बसा. चहा टाकतो.’

चौदा मरणं, चौदा कागद. वासुभाऊंनी भिंग टेबलावर आपटलं. “डिंक! डिंक लावला बाप्पा यानं!”

पार्सलवर नागपूरचाच पत्ता आणि नंबर होता. स्पीकरवर फोन लावला. एका बाईनं उचलला. वासुभाऊ सुरूच झाले, आत्ताच्या आत्ता तक्रार टाकतो, पुस्तक परत घ्या.

बाई कुजबुजली. “हळू बोला जी, हे आतच आहेत. तक्रार नका टाकू, हा मोबाइल यांचाच आहे, अक्षर मोठं करून सगळं वाचतात. यांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. चार-चार तास पडून काय करतील? बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून मराठीत सांगत होती. कुठं जायचं ते हे ठरवत. पहिल्याच दिवशी पुस्तकात यांचं मरण आलं. मले ते तोंडातून काढता येईना. मनचंच काहीतरी सांगितलं, अन् घरी येऊन कागद लावले.”

“मग विकलं काहून?” मीनलनं विचारलं.

“यांनीच विकलं, आता गरज नाही म्हणाले. पार्सल मी बांधलं. सोमवारी किडनी बदलायचं ऑपरेशन आहे. दोन वर्षं नाही म्हणत होते. आता म्हणतात, मी कुठूनही गेलो तरी बाहेर निघतोच. त्याच भरवशावर तयार झाले जी.”

एवढ्यात तिकडून एक पुरुषाचा आवाज आला. “पुस्तकवाल्यांचा आहे काय वं? आण इकडं.”

फोन त्यांच्या हातात गेला. “नमस्कार जी! पोहोचलं ना पुस्तक? बरोबर आहे ना?”

मीनलनं वासुभाऊंचा दंड धरला.

“पोहोचलं जी,” वासुभाऊ म्हणाले. “फर्स्टक्लास आहे.”

“खेळून पाहिलं का? मेले का कुठं?”

वासुभाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नाही जी. आत्ताच राक्षसाच्या घरून चहा पिऊन आलो.”