पालथ्या होडीखाली

माझं अक्षर वाकडं आहे आणि लिहिण्यात चुका खूप असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. मुलीची एक वही अर्धी कोरी राहिली होती, तिच्यात लिहिते आहे. ही वही कोणी वाचणार नाही, मग माफी कोणाची मागते ते मलाही कळत नाही. सवय आहे. मला माणसांसमोर बोलता येत नाही. दुकानात साखर मागायची तरी दोनदा पुढं होते आणि मागं येते. म्हणून भीमेकाठच्या आबांचे उपकार तोंडानं सांगायचे राहिले. ते इथं लिहून ठेवते.

माझे मालक रांजणगावला एका कंपनीत कंत्राटावर होते. ते काम सुटलं, तसे घोड धरणात मासे धरायला लागले. ट्रकची ट्यूब फुगवायची, तिच्यावर फळी बांधायची आणि त्यावर बसून जाळं लावायचं. धरलेला मासा मी संध्याकाळी कारेगावात रस्त्याकडेला विकते. तिथं बाहेरगावची पोरं खूप राहतात. भाव तीच विचारतात, तुकडे कसे करायचे तेही तीच सांगतात, त्यामुळं माझं निभतं.

एक दिवस पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटाला लागून ट्यूब फुटली. हे फळीला धरून कसेबसे काठाला आले. अंग गार पडलं होतं, दातावर दात वाजत होते. त्या दिवशी मी बोलले. म्हटलं, "होडी घ्या, न्हाईतर पाण्यात जाऊ नका." हे माझ्याकडं बघतच राहिले.

आमच्याजवळ अकरा हजार होते. नव्या होडीचं नाव काढायची सोय नव्हती. दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला जुन्या होड्या विकायला असतात असं कळलं, म्हणून दोघं गेलो.

पहिली होडी बघितली ती निळ्या रंगाची. दोन दगडांवर ठेवलेली, नवी दिसावी अशी चकचकीत. होडीवाला तरणा होता, बोलायला पटाईत. "वहिनी, आत बसून तर बघा. सोफ्यावर बसल्यावानी वाटतंय का न्हाई?" हे खूश झाले. विसार द्यायला ह्यांचा हात खिशात गेलासुद्धा.

मी मागं उभी होते. मागच्या कोपऱ्यात रंगाचा थर जाड दिसत होता. हळूच बोट लावलं तर चिकटलं. आमच्या जुन्या घागरीचं भोक बुजवायला डाग दिला होता, ती जागा अशीच फुगीर दिसायची. सांगावंसं वाटत होतं, पण परक्या माणसासमोर जीभ उचलेना. शेवटी मी म्हटलं, "प्यायला पाणी मिळंल का?" एवढं मला मागता येतं.

त्यानं तांब्याभर पाणी दिलं. दोन घोट प्याले आणि राहिलेलं पाणी त्या कोपऱ्यात ओतलं, तांब्या विसळल्यासारखं केलं. पाणी थोडा वेळ थांबलं, मग कमी कमी होत गेलं. होडीखालची पांढरी माती काळी पडली. मी ह्यांच्या कोपराला हात लावला.

"अवो वहिनी, नव्या रंगावर पाणी वततात व्हय!" होडीवाला तडकला.

"होडी हाय का चाळण?" हे म्हणाले आणि खिशातला हात बाहेर काढला.

शेजारी एक म्हातारे आबा जाळं सांधत बसले होते. ते हसता हसता खोकायला लागले. "पोरा, तुझी समदी रंगरंगोटी एका तांब्यात धुतली की बाईनं!" मग आम्हाला म्हणाले, "माझी बी इकायची हाय. गुडघे गेले, आता पाण्यात उतरवत न्हाई. रंग मातर न्हाई तिला."

आबांची होडी पत्र्याची, डांबरानं काळी झालेली, जागोजागी पोचे. हे बघायला वाकले तर आबांनी त्यांना अडवलं. "तू न्हाई. जिनं पाणी वतलं, तिला बघू दे." दोघांनी होडी पालथी केली आणि एक कड उचलून धरली. "आत शीर, बाय. उजेड दिसंल तिथं बोट लाव आन् वरडून सांग. मला कमी ऐकू येतं."

मी आत सरकले, त्यांनी कड खाली टेकवली. डांबराचा आणि माशाचा वास, आणि काळोख. थोड्या वेळानं डोळे सरावले. मोहरीएवढा एक उजेड दिसला.

"हितं हाय," मी म्हटलं.

"काय?"

"हितं हाय, आबा."

"मांजरावानी काय बोलती? होडी तुला न्यायची हाय का माझ्याच गळ्यात ठिवायची?"

मग मी ओरडले. "हाय! मागच्या बाजूला, कडंपाशी!" पत्र्यात आवाज घुमला. तो माझा आहे हे मलाच खरं वाटेना. कोणी मला बघत नव्हतं, म्हणून जमलं असेल. एकामागं एक चार भोकं सापडली. आबा बाहेरून खडूनं खुणा करत होते. "घरात कवा एवढी बोलली न्हाई!" असं म्हणून हे हसत होते.

बाहेर आल्यावर आबांनी पुढचं शिकवलं. दगडानं पत्रा वाजवायचा. चांगला पत्रा खणकतो, गंजलेला भदभद बोलतो. पत्रा लाकडाला जुळतो तिथं खिळा दाबायचा. भिजल्या भाकरीत बोट जावं तसा गेला, तर लाकूड कुजलंय. आणि पैसे देण्याआधी होडी पाण्यात सोडून एका कडेला दोघांनी बसायचं, म्हणजे ती किती कलंडते ते कळतं.

होडी सरळ केल्यावर त्यांनी स्वतःच तळात ठोकलेली एक फळी उचकटली. "हे तुला घावलं न्हाई." खाली तळहाताएवढा ठिगळाचा जोड होता, वरून डांबर. "अजून धरलंय. पर किती दिस धरंल ते मी सांगू शकत न्हाई. आधी हे बदलून घ्या."

ते गप्प बसले असते तर आम्हाला काय कळलं असतं? आपल्या मालाची खोट आपणहून दाखवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्या जोडावर माझ्या घरचं माणूस बसणार होतं.

आबांनी वीस हजार सांगितले होते. "चार भोकं तू काढली, एक मी काढलं. पाच हजार कमी." नऊ आम्ही दिले. दोन टेंपोला आणि ठिगळांच्या पत्र्याला ठेवले. राहिलेल्या सहा हजारांचे महिन्याला पाचशे ठरले. "पर पैशे हिनंच आणायचे," आबा म्हणाले. "आन् होडी कशी हाय ते सांगायचं. वरडून."

पहिल्या महिन्यात शिरूरच्या स्टँडवरून निघाले ती सगळ्या वाटेत 'होडी चांगली हाय' एवढंच वाक्य मनात घोकत गेले. आबांनी विचारलं, "पाणी येतं का आत?" मी ओरडले, "न्हाई, आबा!" काठावरची माणसं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्या महिन्यात परत गेले. हळूहळू मुलीच्या शाळेचं सांगायला लागले, माशाच्या भावाचं सांगायला लागले. एका महिन्यात मासाच लागला नाही, तेव्हा रिकाम्या हातानं गेले आणि तेही ओरडूनच सांगितलं. "पैशे न्हाईत तर न्हाईत. होडीचं सांग," म्हणाले आणि चहा पाजला.

तेराव्या महिन्यात शेवटचे पाचशे घेऊन गेले.

"पाणी येतं का?"

"येतं, आबा! डाव्या अंगाला नवीन भोक पडलंय!"

"कुणाला घावलं?"

"मला! पालथी करून आत शिरले व्हते!"

आबांनी मान डोलावली. "मग डांबर लाव." नोट घडी करून टोपीत खोचली, आणि मला ऐकू येत नसल्यासारखे मोठ्यानं म्हणाले, "फिटले गं, समदे फिटले."