खिरापतीचा वैरी

"फुटाने हायेत. अन् अर्धे जळलेले."

भिंतीपलीकडून आवाज आला आणि आमच्या परसात जमलेल्या मुलींचे चेहरे पडले. भुलाबाईची गाणी नुकतीच संपली होती. गाणी झाली की घरच्या मुलीने झाकलेला डबा वाजवायचा आणि बाकीच्यांनी आतली खिरापत ओळखायची. जितका वेळ ती ओळखू येणार नाही तितकी त्या घराची शान. त्या दिवशी डबा माझ्या हातात होता आणि मी तो जेमतेम हलवला होता.

"कोण आहे हा?" मी चंद्रीला हळूच विचारलं. चंद्री आमच्या गल्लीतल्या मुलींची पुढारीण.

"तारबाबू. तुमच्या भिंतीपल्याडच राह्यते, पोस्टात तारा घेते. मेल्याचे कान लय तिखट. ज्याच्या घरी जा, तठी हा बाहेरून ओरडते."

डोक्यावर काळी टोपी, कानावर पेन्सिल आणि कायम एका बाजूला कललेली मान. पोस्टाच्या खिडकीत तो असाच बसायचा. दिवसभर यंत्राची कटकट ऐकून त्याला जगातल्या प्रत्येक आवाजात मजकूर सापडत असावा. एकाची तार घेऊन झाली की मान वर न करता विचारायचा, "पुढचं?" आमची खिरापत ओळखल्यावरही भिंतीवरून तेच यायचं. "हाव, फुटाने. पुढचं?" असं एखादं माणूस तुमच्याही शेजारी राहून गेलं असेल. त्या वेळी त्याचा राग येतो.

मी लहानपणापासून नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले. त्या वर्षी तिकडे आजार पसरला म्हणून शाळा लवकर बंद झाली आणि मी खामगावला घरी आले. भुलाबाईचं एकही गाणं मला येत नव्हतं. मी नुसते ओठ हलवायचे. आईने खिरापतीचं काम माझ्याकडे दिलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. मला जमेल असं ते एकच काम होतं आणि तेच हा माणूस रोज मातीत घालत होता.

एके दिवशी मी शिरा केला. डबा कितीही हलवा, आवाज नाही. मुली डोकं खाजवत बसल्या. मग भिंतीपलीकडून आवाज आला.

"काहीच वाजून नाही राह्यलं. म्हनजे शिरा असन. नाहीतं मग वकीलसाहेबाच्या पोरीनं सोताच डब्यात बसून घेतलं."

मुली खो खो हसल्या. वकीलसाहेब म्हणजे माझे बाबा. मी डबा चंद्रीच्या हातात दिला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर मी डब्यात परसातले खडे भरले.

"साखरफुटाने," तो म्हणाला. मी मान हलवली आणि चंद्री ओरडली, "नाही!" "चना?" "नाही!" "खारका?" "नाही!" तो हरला. मी झाकण उघडलं, खडे पाहून मुली किंचाळल्या, आणि मला हसू आवरेना. मी इतक्या मोठ्याने हसेन असं मलाही ठाऊक नव्हतं.

पलीकडून तो म्हणाला, "हसता येते वाटते."

चंद्रीने तिथल्या तिथे निकाल दिला. जो हरला त्याने उद्याची खिरापत करायची. खरंच, दुसऱ्या दिवशी भिंतीवरून एक डबा आला. लाह्यांचे लाडू होते. एकटा राहणारा माणूस. आईवडील कधीच गेलेले, पिंपळगाव राजाला फक्त एक काका. लाडू फोडायला आम्हाला वरवंटा घ्यावा लागला.

"पाक कडक झालाय," मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले. त्याच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

"मंग शिकवा ना. मले कोन सांगन? तारेवर पाकाची गोष्ट येत नाही."

आणि मी सांगितलं. गोळी पाण्यात टाकून बघायची, ती बोटाने दाबली जायला हवी, कडक झाली की गेला पाक. आईकडून ऐकलेलं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. चंद्री माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली.

मग नागपूरचा तो आजार, मानमोडीचा ताप, खामगावात आला.

तुमच्यापैकी ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना मी काय सांगू? रोज एखादी मुलगी कमी व्हायची. कुणाच्या घरी ताप, कुणी मामाच्या गावी पळालेली. एका संध्याकाळी चंद्री आली नाही आणि गाणं कुणी सुरू करायचं तेच कळेना. तिच्या घराकडून तिच्या आईचं रडणं ऐकू आलं, तेव्हा उरलेल्या मुलीही मुकाट्याने निघून गेल्या. बाबांनी दाराला कडी घातली.

पण कोनाड्यात भुलाबाई बसलेली होती. तिला उपाशी ठेवू नये, असं आईचं म्हणणं. म्हणून मी एकटीच रोज परसात उभी राहून डबा वाजवायचे.

"खोबरं?" तो विचारायचा.

"नाही."

"मंग गूळ-पोहे?"

"नाही."

डब्यात शेंगदाणे असायचे. शेंगदाण्यांचा आवाज तर लहान मूलही ओळखेल. दोनतीन संध्याकाळी असंच झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो मुद्दाम चुकतो आहे. ओळखलं की मी आत जाणार, एवढं त्याला कळत होतं. मला कळलंय हे मीही त्याला कळू दिलं नाही. सगळ्या गावात रडारड चाललेली असताना मी उद्या डब्यात काय घालायचं याचा विचार करत झोपायचे. याची लाज मला वाटली नाही, आजही वाटत नाही.

कधी तो खेळायच्या अवस्थेत नसायचा.

"आज साऱ्या तारा एकाच मजकुराच्या," तो एकदा म्हणाला. "लोक निस्तं नाव सांगतात अन् रडतात. बाकीचं मीच लिहितो. मांगं लाईन उभी असते, पन 'पुढचं' म्हनाले जीभ नाही उठत."

पौर्णिमा जवळ आली. पौर्णिमेनंतर भुलाबाई शिरवायची, म्हणजे पाण्यात सोडायची, आणि खेळ बंद.

"डबा बंद होईन आता," तो म्हणाला. मग हळूच, "पुढचं? वकीलसाहेबाले इचारू का मी? ते मले जोड्यानं मारतीन, मालूम आहे. पन तुमी हो म्हनलं तं इचारतो."

मी डबा छातीशी धरून उभी राहिले. इंग्रजीत काय म्हणायचं तेही येत होतं, मराठीतही येत होतं. तोंडातून मात्र काहीच निघालं नाही.

"राहू द्या. घाई नाही," तो म्हणाला. "उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी मी डबा वाजवला. पलीकडून फक्त खोकला आला.

बाबांनी त्याच्या काकाकडे माणूस पाठवला. त्या घरात उभं असलेलं कुणीच नाही, असं सांगत तो परत आला. गड्याने तारबाबूच्या दाराशी पाण्याची घागर आणि पेज ठेवली. ती तशीच राहिली. "कुणी तिकडे पाऊल टाकायचं नाही," बाबांनी बजावलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी भिंतीला कान लावून बसायचे. खोकला ऐकू आला की बरं वाटायचं. मग तोही येईनासा झाला.

सकाळी म्युनिसिपालटीची बंडी, मढी नेणारी बैलगाडी, आली. दोघांनी त्याला चादरीत उचलून आणलं. चादर अपुरी होती. सगळ्या गल्लीतली दारं बोटभर उघडी होती आणि बाहेर कुणीच नव्हतं. जमादाराने तोंडावरचं फडकं खाली केलं.

"याचं कोनी हाय का अठी? तोंडात पानी घालाले आपलं मानूस लागते."

एकदोन दारं मिटली.

"अरे, कोनी तं बोला! का असाच नेऊ?"

मी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या उचलला. आईने माझा पदर धरला, तो सुटला. बाबा दारात उभे होते, मी त्यांच्या बाजूने बाहेर पडले. बंडीशी पोचले तेव्हा जमादाराने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि गोंधळून विचारलं, "बाई, तुमी कोन लागता याच्या?"

उघड्या दारांमागून सगळी गल्ली ऐकत होती.

"मी यांना हो म्हटलंय," मी म्हणाले.