ढोलीतला धनेश, गंगेतला डॉल्फिन

चैत्राच्या उन्हात बेहड्याच्या सालीला तुरट वास सुटला होता. लाखू लाकूडतोड्या कुऱ्हाड उचलणार, तोच राखी धनेशाचा नर चोचीत उंबर घेऊन आला आणि आम्हाला पाहून समोरच्या फांदीवर बिचकून बसला. ढोलीचे तोंड लिंपलेले होते. बोटभर फटीतून मादीची चोच दिसत होती. अंडी उबवायला ती स्वतःला आत कोंडून घेते. नर फिरकला नाही, तर आतच संपते.

"तुमी सांगाल तसं, भाऊ," लाखू म्हणाला.

झाड पाडल्यावाचून लोणावळ्यामागच्या माझ्या जागेला रस्ता नव्हता, आणि रस्त्यावाचून गिऱ्हाईक थांबणार नव्हते. दुसरी वाट थोरल्या भावाच्या बांधावरून. वाटणीत सपाट रान त्याने घेतले, मला ओढ्याकडचा उतार दिला. तो निखारा अजून विझलेला नाही.

आईच्या अस्थी घेऊन काशीला गेलो, तेव्हाही आम्ही नावेत पाठमोरे बसलो होतो. गढूळ पाण्यातून एक करडी पाठ वर आली, सुस्कारा टाकून बुडाली. गंगेतला डॉल्फिन, नावाडी म्हणाला. आता फार उरले नाहीत. जवळजवळ आंधळा हा जीव आपल्याच आवाजाच्या पडसादावर वाट काढतो. मला तो आपला वाटला होता. मीही कोणाचे बोट न धरता, आपल्याच आवाजाच्या जोरावर इथवर आलेला. धनेशाची मादी मात्र तसल्याच अंधारात दुसऱ्याच्या येण्यावर जीव टांगून बसते. व्यवहारात याला मी मूर्खपणा म्हटले असते. तरीही लाखूला मी परत पाठवले.

सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो. म्हणून वर्षानुवर्षे आम्ही दोघे भाऊ गप्प होतो. त्या दुपारी त्याच्या ओट्यावर मी आधी बोललो; ढोलीतल्या धनेशाचे सांगून बांधावरून वाट मागितली.

तो सुपारी कातरत राहिला. "गिऱ्हाईक पळाया लागलं, म्हून पाखरू आठवलं व्हय तुला?"

मी ओट्यावरून हललो नाही.

"पिलं उडंपातुर जा. मग बांध बंद."

तेव्हापासून रोज सकाळी तो बांधावर उभा राहून विचारतो, "उडाली का?" आणि मी सांगतो, "न्हाई अजून."

आज ढोलीचे लिंपण फुटलेले होते, आत कोणी नव्हते. बांधावर त्याने नेहमीसारखेच विचारले.

"न्हाई अजून," मी म्हणालो.

डोक्यावरून करड्या पंखांची जड फडफड ओढ्याकडे गेली. दोघांनीही वर पाहिले नाही.