जांभळाच्या ड्रमाचा झटका

तीन म्हातारे रोज एका जागी बसले की किस्से साचतेतच. आमचे तं जांभळाच्या ड्रमापाशी साचले, बुडाशी गाळ साचते तसे. लोक म्हनतेत, "बुवा, जरा चांगलं लिव्हा." मी चवथी नापास मानूस. चांगलं लिव्हनारे शहरात लय हायेत. मी खरं लिव्हतो, पटलं तं वाचा.

ड्रम माझा हाय. रिसोडच्या भंगारातून आनला, खाली नळ बसोला आन आतमंदी गिझरची जुनी कॉइल. गुळाचं पानी उकळाचं, थंड करून जांभळं टाकाची, तोंड बांधून ठेवाचं. इचारलं तं म्हनाचं, शुगरच्या बिमारीवर शिरका, म्हंजे व्हिनेगर, करून राह्यलो. पन त्याचा शिरका कधी झालाच नाई. व्हायच्या आधीच संपते!

आमच्या म्हातारीनं, म्हंजे शांतानं, त्या ड्रमाले कधी बोट लावलं नाई. ती त्याले 'सवत' म्हनते.

*

नामदेव म्हंजे एस.टी.तला रिटायर कंडक्टर. बोलाले लागला की सिंगलबेल देल्याशिवाय थांबत नाई. पयल्या खेपेले ग्लास घेऊन तोच पुढं. अजून गुळाचं पानी गरम होऊन राह्यलं होतं, कॉइल चालूच. यानं नळाले हात लावला आन "आई गं!" म्हनून भिताडाले जाऊन टेकला. डोयाले पानी, केस उभे.

मंग हळूच म्हनते, "बाप्पा, काय जबरी बनोली हो! पयल्याच घोटात झटका!"

म्या म्हनलं, "नामदेवा, जांभळं अजून टोपल्यात हायेत. ग्लास पाह्य तुया."

ग्लास कोरडा!

*

तरी नामदेव कायचा ऐकते? त्यानं केनवडच्या बाजारात बोंब मारली. पुढच्या आठवड्यात एक अनोळखी पाव्हना दारात. "बुवा, झटकेवाली तुमच्याचकडं मियते ना?"

म्या म्हनलं, "मियते. नळाले हात लाव."

*

शेषराव आमच्यातला शहाना. त्याचं म्हननं एकच, "करंट-फिरंट काई नाई, तुमी म्हातारे झाले, हात थरथरतेत." अन् खरंच, तो रोज नळाले हात लावे आन त्याले काईच होत नसे. आमची मान खाली.

एक दिवस म्हातारीनं खोली सारवली. ओल्या जमिनीवर हा चपला घालून चालला. ती वरडली, "शेषराव भाऊ, चपला भाईर! आत्ताच सारवलं मी!"

शेषरावनं चपला काढल्या, ऐटीत नळापाशी गेला आन हात लावला.

तवापासून तो माझ्या घरी चपला घालूनच येते. म्हातारी अजून त्याले शिव्या देते, तो हात जोडते, पन चपला काढत नाई.

*

हे सारं माझ्या पोराच्या कानावर गेलं. संजय वाशीमले ऑफिसात हाय. आला आन ड्रमाकडं बोट दाखवून म्हनते, "बाबा, हा भंगारात टाका. एखांद्या दिवशी मरसान!"

"ही कॉइल वळखते का? तुयाच गिझरची हाय. तू फेकली, म्या उचलली. तुया घरी तिनं कोनाले मारलं?"

"माझ्या घरी अर्थिंग हाय, बाबा."

"मंग माझ्याही घरी होईन!"

"एक वर्स पाहू. तुमाले अजून एक झटका बसला तं ड्रम मी गाडीत टाकून नेईन. मंजूर?"

"मंजूर! तुया बापानं कोनाले भेऊन घर केलं नाई!"

म्हातारी चुलीपासून म्हनली, "सवत एकदाची जाईन तं बरंच होईन."

*

वायरमन आनला. त्यानं प्लग पाह्यला अन् माझ्याकडं पाह्यलं. "बुवा, तिसरी तार कुठी हाय?"

"दोनीत पेटते तं तिसरी कायले?"

"तुमाले वाचवाले."

अंगनात खड्डा खोदला, मीठ-कोयसा भरला, लोखंडी पाइप गाडला, तिसरी तार त्याले जोडली. जाताना म्हनते, "उनाळ्यात रोज पानी टाका. जमीन सुकली का करंट पुन्हा तुमच्याकडंच येईन. आन ही कॉइल फेकाच."

पाइपाले पानी टाकलं. कॉइल नाई फेकली. पोरानं फेकलेली चीज मी पुन्हा फेकू?

झटका बंद झाला, तं नामदेव तोंड वाकडं करून म्हनते, "बुवा, माल पयल्यासारखा कडक नाई राह्यला."

*

आता त्या पाइपाचं आइका. खड्ड्यावर कोनाचा पाय पडू नये म्हनून म्या एक काळा गोटा ठेवला होता. मी रोज सकाळी आंघोळ करून, तांब्या घेऊन, त्याच्यावर पानी टाको. आयाबाया रस्त्यानं पाहात. एक दिवस गोट्याले हळदकुकू! मंग नारळ!

शेजारीन म्हनली, "बुवा, म्हातारपनी चांगलं झालं, देवाले लागले तुमी."

म्या म्हनलं, "लागलो बाई. सोडलं तं झटका देते तो."

तिनं दोन्ही हात जोडले.

*

या उनाळ्यात डोयाच्या ऑपरेशनले वाशीमले गेलो. पोराच्या घरी पडून राहा लागलं. ऊन असं, की अंगनातली माती फुटावी. माझ्या डोयावर पट्टी, पन जीव त्या पाइपापाशी. फोनवर म्हातारीले सांगावं तं कसं? सवतीले पानी टाक म्हनून? नाई सांगतलं. आपला ताठा आपल्यापाशी.

पोरानंच गाडीनं घरी आनलं. रस्ताभर हासून राह्यला होता. उतरल्या उतरल्या म्हनते, "बाबा, इतके दिवस पानी नाई. शब्द ध्यानात हाय ना? ड्रमाले जागा म्या डिकीत करून ठेवली."

नामदेव, शेषराव भिताडाले टेकून उभे. शेषरावच्या पायात चपला.

"ड्रमात ओत पानी. लाव बटन," म्या नामदेवाले म्हनलं. चपला काढल्या. पोरगा म्हनला, "बाबा, राहू द्या, हरलो म्हना." म्या नळ मुठीत धरला.

काईच नाई!

पुन्हा धरला. दोन्ही हातांनं धरला. काईच नाई!

पोरगा अंगनात पयाला. मी मांगं. गोट्याच्या आजूबाजूची माती वली गच्च. वर ताजं जास्वंदाचं फूल.

पोरानं मायकडं पाह्यलं. "माय, तू टाकलं पानी?"

म्हातारी सुपातलं धान्य पाखडून राह्यली होती. मान वर न करता म्हनली, "देवाले टाकलं. सोमवार हाय."

"माय, आज बुधवार हाय."

तिनं सुपाले एक झटका देला.

"मंग बुधवारी देवाले तहान लागत नाई का रे?"