मोठीची बाजू

मी पिंगळीच्या शाळेत मराठी शिकवते आणि राहते परभणीला. शाळा सुटल्यावर गाडी येईपर्यंत स्टेशनच्या बाकावर वाचत बसायचं, हा माझा नेम. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिथंच मी तीन भावंडांची एक जाडजूड कादंबरी वाचली. मोठी बहीण आजारी आईसाठी शिक्षण सोडते, भाऊ घर सोडून जातो आणि धाकटी शिकून सवरून आयुष्यभर मोठीच्या उपकाराखाली वावरते. एका पानावर मोठीचा राग यायचा, तर पुढच्या पानावर तिला घट्ट मिठी मारावीशी वाटायची. एकदा वाचता वाचता माझी गाडी समोरून निघून गेली. मला काडीचं वाईट वाटलं नाही, कारण प्रकरण पुरं झालं.

त्या धाकटीत मी स्वतःला पाहत होते. माझी अक्का सातवीनंतर शाळेत गेली नाही. "अक्कानं तुझ्यासाठी शाळा सोडली," हे आईनं मला प्रत्येक निकालाला ऐकवलं, आणि नोकरी लागली तेव्हाही. त्यामुळे मी अक्काशी कधी भांडले नाही. तिला न आवडलेलं एक स्थळसुद्धा मी मुकाट्यानं नाकारलं होतं.

दिवाळीत सोनपेठला तिच्याकडे गेले, तेव्हा कादंबरी घेऊन गेले. मला जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते पुस्तक सांगेल, असं वाटलं. अक्काची पिठाची गिरणी आहे. तिनं पुस्तक हातात तोलून पाहिलं. "लय जाड हाय. दळण चालू असताना वाचीन."

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"झालं वाचून. ती मोठी लय ढोंगी हाय बघ."

मी चाटच पडले. "अगं, तिनं केवढं सोडलं!"

"काय सोडलं? भाऊ म्हणला ना, मी थांबतो आईजवळ, तू कॉलेजला जा. तिनंच न्हाई म्हणलं. घर तिला आपल्या मुठीत पायजे व्हतं."

तो संवाद मीही वाचला होता आणि सरळ पुढं गेले होते. शिकवणारी मी, आणि नेमकं बोट ठेवलं ते अक्कानं. तरी मी हटले नाही. आम्ही चांगला अर्धा तास भांडलो. शेवटी मी आवाज चढवला, "तू तिच्या जागी असतीस तर कळलं असतं!"

पलीकडे अक्कानं गिरणी बंद केली.

"व्हतेच की," अक्का म्हणाली. "मला शाळा नकोच व्हती. गणिताचे मास्तर रोज उभं करायचे. तू दोन वर्षांची, आई शेतात. तुला सांभाळायचं निमित्त सापडलं. आईला वाटलं, पोरीनं त्याग केला. सगळे कौतुक करायले, मग मी बी गप बसले."

"मला तरी सांगायचंस!"

"तू लय ऐकायचीस माझं. ते गोड लागायचं."

"आणि ते स्थळ? ते कामून नको म्हणालीस?"

"त्याचे कान लय मोठे व्हते."

मी चिडले होते, पण हसू आवरेना. तीही हसली. मग हळूच म्हणाली, "धाकटी बी काय कमी न्हाई हां. उपकाराचं ओझं मिरवतीय. त्यानं आपण चांगले दिसतो, हे तिला ठाऊक हाय."

हे मला झोंबलं, आणि पटलंही.

पुढच्या सुट्टीत मी मुद्दाम सोनपेठला गेले. ओसरीवर बसून आम्ही निम्मी कादंबरी मोठ्यानं पुन्हा वाचली. ती धाकटीचे दोष काढत होती, मी मोठीचे. भाऊ दोघींनाही आवडायचा, म्हणून त्याच्यावर बोलायला काही उरायचं नाही. आता मला पटलं नाही तर मी अक्काला तोंडावर सांगते. ती तणतणते, दोन दिवस फोन करत नाही, आणि तिसऱ्या दिवशी विचारते, "दुसरं काय वाचायलीस? घेऊन ये."

मी पुस्तक नेते. मतं ती तयारच ठेवते.