निर्जळी

तापीकाठच्या आमच्या गावात मी फार देवभोळी बाई म्हणून ओळखली जायचे. कापूस वेचायला गेले की दिवसभर पाण्याचा घोट घ्यायचे नाही. कोणी विचारलं तर सांगायचे, निर्जळी उपास आहे. सोमवार, चतुर्थी, एकादशी संपल्यावर उरलेल्या वारांनाही मी देव शोधून काढले. "हाई बाईनी कितली भक्ती शे!" बाया म्हणायच्या. भक्ती कसली डोंबलाची! मला लुगडं कोरडं ठेवायचं होतं.

दुसऱ्या बाळंतपणात मी तीन दिवस अडले होते. बाळ गेलं आणि आतलं सगळं फाटलं. शौच आणि लघवी, दोन्ही खालून झिरपू लागली. सुरतेच्या इस्पितळात शौचासाठी पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलं. तीन महिन्यांत बंद करू, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तीन वर्षं झाली तरी ते तिथेच होतं. त्यावर जुन्या कापडाच्या घड्या ठेवून मी पट्टा बांधायचे. वेचणीच्या वेळी कमरेला कापसाची झोळी असतेच, तिच्याआड ते झाकून जायचं. त्याची सवय झाली. लघवीची मात्र होईना. दोनदा शिवलं, दोन्ही वेळा टाके सुटले. सासू वाईट नव्हती, पण तिच्याकडे उपाय एकच. "पानी पेऊ नको वं, लुगडं भिजी जाई." मलाही तेच सोयीचं वाटलं.

मग ताप यायला लागला. पाठीत अशा कळा येत की मी कापसाच्या ओळीतच बसून जायचे. एकसष्ट-बासष्टचा हिवाळा असेल. नवापूरवरून गाडीने आम्ही पुन्हा सुरत गाठली. या वेळचे डॉक्टर नवे होते. पाणी किती पितेस, त्यांनी विचारलं. उपास असतात, मी म्हटलं. मूत्रपिंडं खराब होत चालली आहेत, ते म्हणाले. आतड्याचा तुकडा घेऊन लघवीसाठी नवी वाट करायची, तिचं तोंड पोटाच्या उजव्या बाजूला काढायचं, वर रबराची पिशवी लावायची.

मला भीती वाटली. आधीच्या वेळी टेबलावरचं ते भुलीचं औषध, तो वास, जाग आल्यावरची आग, सगळं आठवलं. पोटाचा उजवा भाग तेवढा माझा उरला होता. पाच वर्षांची माझी पोर त्याच कुशीला बिलगून झोपायची.

"हेही तीन महिन्यांचंच का?" मी तिरसटपणे विचारलं.

"नाही बेन. हे कायमचं. पुन्हा बंद होणार नाही."

या डॉक्टरांनी मला फसवलं नाही, एवढं मनात आलं.

"आणि नाही केलं तर?"

"पोर मोठी झालेली तुला दिसणार नाही."

जाताना ते सांगून गेले की ऑपरेशन करायचं असो नसो, पाणी भरपूर पी. वॉर्डातल्या खाटेजवळच्या तांब्याला मी दोन दिवस हात लावला नाही. नवरा म्हणाला, "तुन्हा जीव शे. तू सांगशी तसं करू." मला संताप आला. बैल कुठला घ्यायचा, लुगडं कुठल्या रंगाचं आणायचं, कधी मला विचारलं नाही, आणि हे मात्र माझ्या पदरात टाकून मोकळा!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला म्हटलं, "पानी दे."

तो चमकला. "आज उपास नही का?"

म्हणजे त्यालाही ते खरंच वाटत होतं. तीन वर्षं माझे कपडे वाळताना बघूनही.

"उपास कधीच नव्हता," मी म्हटलं.

मी तांब्या रिकामा केला आणि दुसरा मागितला. थोड्या वेळाने खालची चादर भिजली. नवरा समोर बसला होता. मी पाय आखडले नाहीत, पांघरूण ओढलं नाही. रडत होते, भीती तसूभर कमी झाली नव्हती.

"डॉक्टरले बलाव," मी म्हटलं.