प्रेमाताईंची तेरावी डबी

माझं नाव गंधाली ठेवून आईवडिलांनी माझी जन्मभराची थट्टा करून ठेवली आहे. मला बारा महिने सर्दी असते. तरीही मुलुंडच्या एका मसाल्याच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासते, ती यंत्रांच्या आणि प्रेमाताईंच्या जिवावर.

प्रेमाताई मूळच्या मालवणकडच्या, राहायला घाटकोपरला. वय बावन्न. कारखान्यात आल्या त्या मिरच्यांचे देठ खुडायला. एकदा कारखान्याचे मालक अण्णा धण्याचं पोतं उघडत होते, तेव्हा लांबूनच म्हणाल्या, "तळाक कुबट असा ता." तळाला खरंच ओल लागली होती. तेव्हापासून अण्णांनी त्यांना वासाच्या टेबलावर बसवलं. अकरा वर्षं त्यांनी हुंगल्याशिवाय मसाल्याचा एकही घाणा बाहेर गेला नाही. या कामापायी त्यांनी केसात फूल माळणं सोडलं, वासाचं तेल सोडलं. सुरंगीच्या फुलांची वळेसर म्हणजे त्यांचा जीव, पण तो गजरा फक्त रविवारी.

अण्णा थकले आणि त्यांचा मुलगा हर्षद कारभार बघू लागला. माल परदेशी जाणार, म्हणून वासाची नोंद इंग्रजीत हवी, असं ठरलं. तेरा शब्दांची यादी आली. बाहेरच्या प्रयोगशाळेची बाई येऊन परीक्षा घेणार. जो नापास होईल तो टेबलावरून खाली.

"पगार तोच राहील ना त्यांचा," हर्षद मला म्हणाला. भला मुलगा आहे, पण त्या वेळी मला त्याचा असा राग आला. प्रेमाताई सातवी शिकलेल्या. अकरा वर्षं मान मिळालेल्या बाईने पुन्हा देठ खुडायला बसायचं, तेही कालच्या पोरींच्या शेजारी? मी हर्षदकडून तीन आठवडे मागून घेतले.

शब्द पाठ करून येईनात. मग मी शक्कल लढवली. घरातले श्रीखंडाचे रिकामे डबे धुऊन आणले, प्रत्येकात एकेक वास भरला आणि झाकणावर शब्द लिहिला. प्रेमाताईंनी पहिलं झाकण उघडलं, दुसरं उघडलं आणि माझ्याकडे दयेने बघितलं.

"मॅडम, ह्या सगळ्यांका वेलचीचो वास येता."

मला कसला येतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनीच घरून स्टीलच्या डब्या आणल्या. जुनं खवट खोबरं, ते रॅन्सिड. न सुकलेलं फडकं, ते मस्टी. चार दिवसांचा पाव म्हणजे स्टेल. बुडाला लागलेल्या दुधाची खरवड म्हणजे स्कॉर्च्ड. फेंट म्हणजे मंद, त्यासाठी वाटीभर तांदळाच्या पिठात चिमूटभर मसाला. रोज संध्याकाळी त्या डब्या पिशवीत घालून घरी नेत आणि ओट्यावर मांडत. त्यांचे यजमान लवूभाऊ पवईला एका ऑफिसात वॉचमन आहेत. ते एकदा फोनवर मला म्हणाले, "मॅडम, पावणे इले तर चाय देवची की डबी?"

बारा शब्द झाले. तेरावा अडला. फेडेड. चांगला दरवळणारा मसाला पडून राहतो आणि त्याचा वास उडून जातो, तो. खराब होत नाही, फक्त जातो. कपड्याचा रंग फेड होतो ते त्यांना ठाऊक होतं, पण हुंगताना फेंट आणि फेडेड यांत त्या दर वेळी अडखळायच्या. दोन्हींत वास कमीच.

"ह्येची डबी खंय असा?" त्या म्हणाल्या.

"गेलेला वास डबीत कसा भरायचा, प्रेमाताई?"

त्यांनी बारा डब्या पिशवीत भरल्या. परीक्षेला तीन दिवस राहिले होते आणि माझ्याकडे शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी तेरा पेले मांडले होते. प्रेमाताई एकेक हुंगून वाकडीतिकडी अक्षरं काढत होत्या आणि मी काचेबाहेर देवाला कामाला लावलं होतं. शेवटच्या दोन पेल्यांवर परीक्षक बाईंनी त्यांना थांबवलं. "एकाला फेंट लिहिलंत, एकाला फेडेड. फरक काय?"

"फेंट म्हणजे पयल्यापासूनच थोडो," प्रेमाताई म्हणाल्या. "फेडेड म्हणजे भरपूर होतो, आणि गेलो."

बाईंनी मान हलवली आणि तेरापैकी तेरा लिहिले. हर्षदने सगळ्यांना चहा मागवला. माझे डोळे भरून आले, ते मी सर्दीवर ढकलले.

चहा झाल्यावर मी त्यांना गाठलं. "मला तर शिकवता आलं नाही. तुम्हाला कसं समजलं?"

त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. ही मी पाहिली नव्हती. आत जुन्या सुती कापडाची घडी होती.

"माझ्या आयेच्या लुगड्याचो तुकडो," त्या म्हणाल्या. "सुरंगीचो आणि चुलीच्या धुराचो वास येय तेका. ती गेली तेव्हापासून झाकण लावून ठेवलंय. चार वर्सां उघडूक नाय, वास जायत म्हणान. मंगळवारी उघडलंय."

त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. मी नाक खुपसून हुंगलं. मला कसलाच वास आला नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून खरं बोलवेना.

"येतोय की," मी म्हटलं. "फेंट आहे, पण येतोय."

प्रेमाताईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

"फेंट नाय गो, बाय," त्या म्हणाल्या.

आणि तरीही त्यांनी झाकण दोन्ही हातांनी दाबून घट्ट लावलं.